डावीकडचा माणूस

“पप्पा, परत मारलंत त्याला,” साक्षी म्हणाली.

टीव्हीवर हिरवं जाकीट घातलेला एक माणूस फोर्कलिफ्टच्या डाव्या चाकापाशी आडवा पडला होता आणि त्याच्याभोवती लाल चौकट लुकलुकत होती. साहेबरावांनी स्टिअरिंगवरचे हात काढून पॅन्टला पुसले. रविवारचे सकाळचे दहा वाजत होते. तासाभरात त्या माणसाला त्यांनी चौथ्यांदा उडवलं होतं.

“हा येतो कुठून पण?”

“रॅकच्या मागून. दर वेळी तिथूनच येतो, डावीकडून.”

“मला तर दिसंना की.”

“टीव्हीमुळे होतंय ते. तुम्ही स्टिअरिंग फिरवता आणि चित्र नंतर फिरतं. थांबा, बघते मी.”

साहेबराव सोनकांबळे चाकणजवळच्या एका मोठ्या गोदामात एकोणीस वर्षं फोर्कलिफ्ट चालवत होते. ट्रकमधून सुट्या भागांनी भरलेली लाकडी पॅलेट उतरवायची, रॅकमध्ये चढवायची, मागणी आली की काढून द्यायची. लातूरकडून आले तेव्हा ते याच गोदामात हमाली करत. जेवणाच्या सुट्टीत दुसऱ्याच्या गाडीवर बसून शिकले आणि ऑपरेटर झाले. गावाकडच्या लग्नपत्रिकेत त्यांच्या नावापुढे कुणीतरी कंसात ‘ऑपरेटर’ असं छापलं होतं, ती पत्रिका त्यांनी जपून ठेवली होती.

दीड महिन्यापूर्वी गोदामाचं काम नव्या ठेकेदाराकडे गेलं आणि नोटीस लागली. सगळ्या ऑपरेटरांची सिम्युलेटरवर चाचणी होणार. म्हणजे खोलीत बसून पडद्यावरची गाडी चालवायची. जो नापास होईल त्याला खऱ्या गाडीवर बसता येणार नाही. साहेबरावांची तारीख येत्या गुरुवारची होती.

नोटीस वाचल्यापासून त्यांचं जेवण कमी झालं होतं. अर्धी भाकरी ताटात राहायची. गाडीची भीती त्यांना कधी वाटली नव्हती. भीती पडद्याची होती. मोबाइलवर भाचीचा फोटो बघतानाही त्यांचं बोट भलतीकडे लागायचं आणि कुणालातरी फोन जायचा.

“एवढी वर्षं गाडी चालवली,” ते बायकोला, अनुसयाला, रोज एकदा तरी म्हणत, “आता कॉम्प्युटर सांगणार, मला येते का नाही.”

म्हणून साक्षीनं हा घाट घातला होता. ती ताथवड्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती. जुने भाग जमवून तिनं घरीच कॉम्प्युटर जोडला होता. त्याच्या मॉनिटरवर आधी उभ्या रेघा आल्या, मग तो बंदच पडला. तेव्हापासून बाहेरच्या खोलीतला त्रेचाळीस इंची टीव्ही हाच तिचा मॉनिटर. संध्याकाळी मैत्रिणींबरोबर ती त्यावर गेम खेळायची, अनुसयाची मालिका बुडायची आणि मायलेकींचं वाजायचं. आता तिनं फोर्कलिफ्टचा एक गेम शोधून काढला होता, कॉलेजच्या रेसिंग टीममधून स्टिअरिंग आणि पेडल मागून आणले होते. भोसरीतली त्यांची ती खोली दहा बाय दहाची. स्टिअरिंग स्टुलाला बांधलं आणि वायर पोचावी म्हणून खुर्ची टीव्हीच्या अगदी पुढ्यात ओढली. साहेबराव बसले की टीव्ही भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरल्यासारखा वाटायचा.

“मॉनिटर काय करतो, जे आलं ते लगेच दाखवतो,” साक्षी रिमोटची बटणं दाबत म्हणाली. “टीव्ही आधी चित्र छान करतो, रंगबिंग चढवतो, मग दाखवतो. त्यात वेळ जातो.”

“पॅलेटला कशाला रंग चढवायचा?”

“तेच तर. त्याला सांगावं लागतं, छान करू नकोस म्हणून. हे बघा. गेम मोड.”

चित्र जरा फिकं झालं. साहेबरावांनी स्टिअरिंग हलवलं आणि गाडी हाताबरोबर वळली. त्यांनी दुसऱ्या बाजूला वळवलं. लगेच वळली.

“आयला! आता लागली हाताला.”

गाडीचे पुढचे दोन फोर्क पॅलेटच्या भोकांत कुठंही न घासता शिरले. त्यांनी पॅलेट उचललं, रॅकच्या तिसऱ्या मजल्यावर नेऊन ठेवलं आणि अलगद मागे आले. अनुसया पिठाचे हात तसेच घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

“जमायलं की तुम्हाला!”

“टीव्हीचा दोष होता,” ते म्हणाले. कित्येक दिवसांनी त्यांचा चेहरा सैल झाला होता. “हात माझा बरोबरच होता. मी म्हणालो नव्हतो?”

त्यांनी गाडी वळवली आणि टीव्हीतून घंटा वाजल्यासारखा आवाज आला. माणूस आडवा. लाल चौकट.

साक्षी पडद्याकडे बघत राहिली, मग तिनं एकदम टाळी वाजवली. “कडा! टीव्ही कडा खातोय. चित्र थोडं मोठं करून दाखवतो, मग चारी बाजूंचं थोडंथोडं बाहेर जातं. माणूस कडेनं येतो ना, तेवढाच कापला जात असणार.”

तिनं पुन्हा रिमोट घेतला, दोन-तीन पानं पुढे-मागे केली. चित्राच्या खालच्या कोपऱ्यातलं कापलेलं घड्याळ पूर्ण दिसायला लागलं.

“आता डावीकडे वर बघा. कचऱ्याचा डबा दिसतो?”

साहेबरावांनी मान वळवली. “दिसला. सगळा दिसला.”

“झालं तर मग.”

पण झालं नाही. पुढच्या फेरीत माणूस पडला. त्याच्या पुढच्या फेरीतही पडला.

आता साक्षी हसत नव्हती. “पप्पा, एवढा मोठा माणूस चालत येतोय. मला इथून दिसतोय.”

“दमलो मी. तू बस जरा, मी पाणी पितो.”

ते पाण्याचा पेला घेऊन स्वयंपाकघराच्या दारात टेकले. साक्षी खेळायला लागली. तिथून टीव्ही लहान दिसत होता, पाटाएवढा. गाडी वळली, रॅकच्या मागून हिरवं जाकीट निघालं.

“आला बघ!” साहेबराव ओरडले. साक्षीच्या आधी त्यांना दिसला होता.

“दिसतो की तुम्हाला!”

पुढच्या दोन फेऱ्यांतही दिसला. मग ते येऊन खुर्चीत बसले, गाडी तिथंच नेली, डोळे फाडून बघत राहिले. कुणी आलं नाही. घंटा वाजली.

“डोकं दुखायलंय,” ते म्हणाले. “बंद कर आता.”

सोमवारपासून त्यांची दुसरी पाळी होती. साक्षी कॉलेजला गेली, अनुसया अंगणवाडीत कामाला. साहेबराव घरात एकटे राहिले. गेम कसा लावायचा ते त्यांना येत नव्हतं. त्यांनी नुसता टीव्ही लावला, आवाज बंद केला आणि खुर्ची कालच्याच जागी ओढून बसले. लांबून दिसतो, जवळून दिसत नाही, हे त्यांच्या डोक्यातून जात नव्हतं. बातम्या चालू होत्या. बातम्या देणाऱ्या बाईच्या नाकावर नजर लावून त्यांनी उजवा डोळा तळहातानं झाकला.

बाईचं तोंड दिसत होतं. तिला खांदे नव्हते.

हात नीट ठेवला नसेल असं वाटून त्यांनी परत झाकला. काळं काही दिसत नव्हतं, अंधारी नव्हती, धुरकटही नव्हतं. पाइपातून बघावं तसं मधलं तेवढं होतं आणि बाकीचं नव्हतंच. मग त्यांनी डावा डोळा झाकला. उजव्यानं बरंच दिसलं. खाली बातम्यांची पट्टी सरकत होती. अक्षरं उजवीकडून निघत, मधोमध येत आणि डावी कड यायच्या आतच कुठंतरी जात. नजर तिकडे नेली की सापडत. नजर परत नाकावर आणली की जात.

दोन्ही डोळे उघडले तर सगळं ठीक होतं. टीव्ही पूर्ण, भिंत पूर्ण, खिडकी पूर्ण. याचीच त्यांना जास्त भीती वाटली. काही कमी आहे असं जाणवतच नव्हतं.

दर वर्षी कंपनीत डोळे तपासायचे. भिंतीवरच्या तक्त्यातली अगदी खालची, मुंगीएवढी ओळ साहेबराव धडाधड वाचायचे. बावन्नाव्या वर्षीही चष्मा नाही म्हणून तपासणारा दर वेळी कौतुक करायचा. समोरची ओळ वाचायला सांगत, शेजारी कोण उभं आहे ते कुणी विचारत नसे.

आणि मग त्यांना कोंडीराम आठवला.

कोंडीराम गोदामात माल मोजायचा. साहेबरावांच्याच वयाचा, पंधरा वर्षं त्यांच्यासोबत डबा खाणारा. दोन महिन्यांपूर्वी सात नंबरच्या गल्लीत साहेबराव डावीकडे वळले आणि कोंडीराम ओरडत बाजूला उडाला. त्याच्या हातातला स्कॅनर पडून फुटला. साहेबरावांनी ब्रेक दाबला आणि सगळ्यांसमोर त्यालाच झापलं. “एवढी मोठी गाडी दिसत नाही का तुला? मधे कशाला येतो?” मी कडेलाच होतो, असं कोंडीराम सांगत राहिला. जुन्या ऑपरेटरपुढे त्याचं कुणी ऐकलं नाही. त्याला मेमो मिळाला. मेमोखाली तक्रार करणारा म्हणून साहेबरावांची सही होती. त्या दिवसापासून कोंडीराम दुसऱ्या टेबलावर डबा खात होता.

साहेबराव उठून मोरीत गेले आणि तोंडावर पाणी मारत राहिले.

सांगायला हवं होतं. भोसरीच्या चौकात कंपनीच्या बसची वाट बघतानाच त्यांना ते कळत होतं. पण सांगायचं म्हणजे काय? मला दिसत नाही, असं? मग उद्या काम कोण देणार? या वयात परत हमाली होणार नव्हती. साक्षीच्या नोकरीच्या मुलाखती दोन महिन्यांवर आल्या होत्या. आणि एकदा गाडीवरून उतरल्यावर त्यांना कुणी काय म्हणून हाक मारायची? गुरुवार तेवढा जाऊ दे, असं त्यांनी ठरवलं. गुरुवार गेला की बघू.

बस आली. तिच्या डाव्या बाजूच्या खिडकीत बसायचं त्यांनी टाळलं.

ते तीन दिवस साहेबरावांनी गाडी चालवली ती मानेनं. प्रत्येक वळणाला हनुवटी डाव्या खांद्याला लागेपर्यंत मान फिरवायची, मग उजवीकडे, मग परत डावीकडे. डाव्या बाजूला कुणी हसलं तरी पाय ब्रेकवर जायचा. रिकाम्या गल्लीत ते हॉर्न वाजवत. मंगळवारी सुपरवायझर मालोजी काचेच्या केबिनमधून बाहेर आला. मालोजी मूळचा खेडकडचा, बोलायला मोकळा.

“साहेबराव, आज काय गाडीत बाळंतीण घेऊन चाललाय व्हय? तीन ट्रक थांबल्यात बाहेर.”

“मान आखडलीय जरा.”

“मग बाम लावा की. लई हळू चाललंय.”

घरी त्यांनी साक्षीला सकाळी लवकर उठवून गेम लावायला सांगितलं. मान फिरवली की हिरवं जाकीट सापडायचं. बुधवारी दहा फेऱ्यांत एकदाही घंटा वाजली नाही.

“शून्य अपघात!” साक्षीनं दोन्ही हात वर केले. “आई, पप्पा एकदम तयार आहेत.”

अनुसयानं गोड शिरा केला. साहेबरावांनी तो संपवला, पण त्यांना चव लागली नाही.

गुरुवारी ट्रेनिंगच्या खोलीत भिंतीवर घरच्यापेक्षा मोठा टीव्ही लावलेला होता. त्याच्यापुढे गाडीसारखी सीट, स्टिअरिंग, बाजूला दांडे. चाचणी घ्यायला निरंजन नावाचा एक तरुण बाहेरच्या एजन्सीतून आला होता. साहेबरावांचा नंबर पाचवा होता. आधीचे चौघं चालवत असताना बाकीचे मागच्या बाकावर बसून बघत होते. साहेबरावांना बाकावरून सगळं दिसत होतं. माणूस तीनदा यायचा. तिसऱ्या रॅकच्या मागून, उतार संपल्यावर आणि ट्रक लागतो त्या डॉकच्या दारापाशी. चौघांनाही तसाच आला. त्यांनी ते तिन्ही मनात पक्के केले. धनेश नावाचा एक ऑपरेटर, नोकरीला चारच वर्षं झालेला, डॉकच्या दारापाशी अडकला आणि काठावर पास झाला.

साहेबराव बसले. त्यांनी हात पॅन्टला पुसले. तिसऱ्या रॅकपाशी यायच्या आधीच त्यांनी मान वळवली. माणूस होता. ते थांबले, तो गेला. उतारानंतर मान वळवली, होता. दारापाशी होता.

निरंजननं आकडे बघितले आणि बाकीच्यांकडे वळला.

“काकांची मान बघितली का सगळ्यांनी? प्रत्येक वळणाला डावीकडे पूर्ण. असा ऑपरेटर मी पहिल्यांदा बघतोय. सगळ्यात जास्त मार्क.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी त्यांच्या पाठीवर थाप मारली. साहेबरावांनी हसायचा प्रयत्न केला.

ते खाली गोदामात आले तर मालोजी हात हलवून सांगत होता, दोन नंबरच्या डॉकवर ट्रक लागलाय. साहेबराव गाडीवर चढले, चावी फिरवली. उजवीकडे बघितलं. डावीकडे पूर्ण मान वळवून बघितलं. मोकळं होतं. समोर बघत त्यांनी ब्रेक सोडला आणि गाडी हातभर पुढे सरकली.

“अभिनंदन, भाऊ!”

आवाज डाव्या कानाशी आला. साहेबरावांनी दचकून ब्रेक मारला. कोंडीराम पुढच्या चाकाला लागून उभा होता. दोन महिन्यांत पहिल्यांदा तो आपणहून बोलायला आला होता. चाक आणि त्याचा बूट यांच्यात वीतभर जागा होती.

“कधी आलास तू?”

“आत्ताच. लांबून हात केला की तुम्हाला. तुम्ही बघितलं नाही?”

साहेबरावांनी गाडी बंद केली. चावी काढली. थोडा वेळ ते तसेच सीटवर बसून राहिले. कोंडीरामनं विचारलं, चक्कर आली का. त्यांनी मान हलवून नाही म्हटलं, खाली उतरले आणि मालोजीच्या केबिनकडे चालत गेले. कोंडीराम गोंधळून मागोमाग गेला आणि दाराबाहेर थांबला.

“मालोजी, चावी घ्या ही.”

“का? काय झालं गाडीला?”

“गाडीला काही नाही. मला डाव्या अंगाचं दिसंना.”

“चेष्टा करता व्हय? आत्ताच पास झालासा की. पयला नंबर!”

“पडद्यावरचा माणूस कुठनं येतो ते मी पाठ केलं. कोंडीराम कुठनं येईल ते कसं पाठ करू?”

मालोजीचं हसू गेलं. त्यानं बाहेर बघितलं आणि आवाज खाली आणला. “हे बगा, अजून कुणाला म्हाईती न्हाई. आठ दिस रजा टाका, डोळं दाखवून या, औषध घाला. एकदा का कागदावर आलं, तर ही नवी लोकं तुमाला परत गाडीवर बसू देणार न्हाईत. आपलं ऑपरेटरचं नवं कार्ड तर निघू द्या.”

साहेबरावांना ते सगळं हवंहवंसं वाटलं. क्षणभर त्यांची बोटं चावीवर घट्ट झाली. मग त्यांनी ती टेबलावर ठेवली.

“लिहूनच घ्या. आणि अजून एक लिहा. सात नंबरच्या गल्लीत कोंडीराम मधे आला नव्हता. तो कडेलाच होता. मेमो चुकीचा आहे, आणि खाली सही माझी आहे.”

“त्ये कशाला उकरताय आता?”

“त्याच्या फायलीत आहे का तो मेमो?”

“हाय.”

“मग लिहा.”

मालोजीनं कागद ओढला. साहेबराव सांगत गेले आणि तो लिहीत गेला. ते बाहेर आले तेव्हा कोंडीराम तिथंच उभा होता. दार उघडंच होतं, त्यानं सगळं ऐकलं होतं. तो दोन पावलं पुढे आला. मग म्हणाला, “भाऊ, तुम्ही इतकं ठासून म्हणालात ना, की मला वाटायला लागलं होतं, मीच मधे आलो असेन.”

साहेबरावांनी त्याच्यापुढे हात जोडले. कोंडीरामनं ते धरून खाली केले.

घरी सांगणं जास्त अवघड गेलं. अनुसयानं ऐकून घेतलं, आत गेली आणि त्यांचे दोन शर्ट घेऊन आली. दोन्हींचा डावा खांदा विरलेला होता, उजवा धड होता. “दाराच्या चौकटीला घासता तुम्ही रोज,” ती म्हणाली. “मी म्हणायची, माणूस धसमुसळा आहे.” एवढं बोलून तिनं शर्टात तोंड लपवलं.

साक्षी टीव्हीपुढच्या खुर्चीत बसली होती. “मला कळायला पाहिजे होतं,” ती परत परत म्हणत होती. “तुम्हाला दिसत नव्हतं आणि मी टीव्हीची सेटिंग बदलत बसले.”

“तूच तर खुर्ची एवढी जवळ लावलीस, बाळा. लांब बसलो असतो तर मलाही कळलं नसतं.”

शनिवारी तिघंही डोळ्यांच्या दवाखान्यात गेले. एका अर्ध्या गोलात तोंड घालून बसायचं, मधल्या ठिपक्याकडे बघायचं आणि कडेला बारीक दिवा दिसला की बटण दाबायचं. साहेबराव बटणावर अंगठा ठेवून वाट बघत राहायचे. मध्ये इतका वेळ जायचा की मशीन बंद पडलं की काय असं वाटे. मशीन चालू होतं, दिवे लागत होते.

“काचबिंदू,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “डाव्या डोळ्यात बराच, उजव्यात नाकाकडच्या बाजूला. जे गेलंय ते परत येणार नाही. जे आहे ते टिकवायचं. थेंब एक दिवसही चुकवायचे नाहीत. गाडी चालवायची नाही. घरात कुणाला होता का?”

नाही म्हणता म्हणता साहेबराव थांबले. त्यांची आई, तानुबाई, शेवटची सहा वर्षं भिंत धरून चालायची. वय झालं, असंच सगळे म्हणत. तिला कुणी डॉक्टरकडे नेलं नव्हतं. त्यांनीही नाही.

“मग मुलीचेही बघून घेऊ,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

साक्षी आत गेली. दार बंद झालं. चाचणीच्या नोटिशीपासून गेला दीड महिना साहेबरावांना भीतीची सवय झाली होती, पण त्या बाकावरची वीस मिनिटं त्यांना सोसेनात. ते उठत, दारापर्यंत जात, परत येत. अनुसयानं शेवटी त्यांची बाही धरून ठेवली. साक्षी बाहेर आली ती डोळे चोळत, औषधानं बाहुल्या मोठ्या झालेल्या.

“काही नाही मला,” ती म्हणाली. “एकदम चांगले आहेत. दर वर्षी दाखवायचे फक्त.”

साहेबराव मटकन बाकावर बसले आणि तिथंच, लोकांसमोर, रडले. गाडी सुटली तेव्हाही ते रडले नव्हते.

कंपनीत पुढे काय होणार ते तीन आठवडे कुणी सांगेना. साहेबराव रोज मालोजीला फोन करत, तो रोज “बगू, बगू” म्हणे. अनुसया फोनकडे बघायचीसुद्धा टाळायची. शेवटी निरोप आला. येणाऱ्या मालाचे कागद तपासायच्या टेबलावर जागा होती. ऑपरेटरचं कार्ड जमा करून घेतलं गेलं, दुसरं मिळालं. त्यावर ‘सहायक’ असं लिहिलं होतं. कोंडीरामच्या फायलीतला मेमो काढला की नाही, हे त्यांनी पहिल्याच सकाळी जाऊन विचारलं. काढला होता.

त्यांचं टेबल गोदामाच्या पलीकडच्या टोकाला होतं. तिथपर्यंत माणसांनी चालायचा हिरवा पट्टा आखलेला होता. एवढ्या वर्षांत साहेबराव त्यावरून क्वचितच चालले होते. खालून रॅक फार उंच वाटत होते. सगळ्यात वरच्या मजल्यावरची पॅलेट त्यांनीच कधीतरी ठेवलेली असणार, पण आता तिथं छताचा पत्रा आणि अंधारच जास्त दिसत होता. चालताना आपल्याच बुटांचा आवाज येतो, हेही त्यांना नवं होतं.

चार नंबरच्या गल्लीपाशी पट्टा तुटून पलीकडे पुन्हा सुरू होत होता. साहेबराव कडेला थांबले. गल्लीतून एक गाडी येत होती. तिच्यावर धनेश होता. फोर्कवर पॅलेट, घाईत. त्यांना बघून त्यानं गाडी थांबवल्यासारखी केली आणि डॉकवरच्या ट्रककडे बघतच हातानं, जा काका, अशी खूण केली.

साहेबराव हलले नाहीत.

“जा की, काका! ट्रक थांबलाय तिकडं.”

“आधी माझ्याकडं बघ.”

धनेशचा हात तसाच राहिला. मग त्यानं गाडी पूर्ण थांबवली, मान वळवली आणि त्यांच्याकडे नीट बघितलं. साहेबरावांनी कागदांचा गठ्ठा छातीशी धरला आणि पावलं मोजून टाकावीत तसे ते गल्ली ओलांडून गेले.